तेराशे साठ फुटांवरचा सिंघाडा

पौंगच्या तलावावरचे मासेमार महिना कमी आणि फूट जास्त बोलतात. ‘तेराशे नव्वदला होतं तेव्हाची गोष्ट’, ‘तेराशे साठवर आलं की ये.’ पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, हे उंचीचं काहीतरी पहाडी प्रकरण असणार. ते धरणाची पातळी सांगत होते. समुद्रसपाटीपासून इतके फूट. पावसाळा संपता संपता तलाव तेराशे नव्वदच्या आसपास भरतो, आणि मग पंजाब, हरियाणा, राजस्थानच्या कालव्यांना पाणी देत देत जूनपर्यंत खाली खाली जातो. बाराशे साठच्या खाली नेत नाहीत. म्हणजे एका वर्षात शे-सव्वाशे फुटांचा चढउतार. थंडीत मोठा सिंघाडा धरायचा असेल तर घड्याळ नसलं तरी चालेल, हा आकडा माहीत पाहिजे.

२०१४ च्या हिवाळ्यात मी पठाणकोटच्या बाजूला होतो. युनिट आणि जागा नेहमीप्रमाणे सांगत नाही. रविवारी आउटपास मिळाला की आमच्यात दोन पक्ष पडायचे. एक बाजारात जाऊन सिनेमा बघणाऱ्यांचा, दुसरा रजईत शिरून झोपणाऱ्यांचा. दोन्हीत मन रमेना, म्हणून मी सकाळच्या कांगड्याच्या छोट्या गाडीत बसायचो. अडीच फुटी रुळांची ती गाडी पठाणकोटहून निघून डोंगराच्या कडेकडेने हलत डुलत जोगिंदरनगरला जाते. निदान तेव्हा जायची. २०२२ च्या पावसात चक्की नदीवरचा तिचा पूल वाहून गेला. नगरोटा सूरियांला उतरलं की थोडं चालून तलाव. समोर धौलाधारचा बर्फ, अलीकडे अथांग पाणी आणि काठावर हजारोंनी हंस. डोक्यावर दोन काळ्या पट्ट्या असलेले हे पट्टकादंब हिमालय ओलांडून इथे थंडी काढायला येतात. थंडी काढायला कांगड्यात! आम्ही दोन-दोन जर्सी घालून कुडकुडत असायचो.

तलावाचं सरकारी नाव महाराणा प्रताप सागर. बियास नदीवरचं हे मातीचं धरण १९७४ साली पुरं झालं. १९८३ पासून इथे अभयारण्य आहे आणि २००२ पासून रामसर यादीत नाव. तरीही मासेमारी चालते, कारण परवानाधारक मासेमारांच्या सहकारी सोसायट्या आहेत. पावसाळ्याच्या तोंडाला दोन महिने सगळं बंद असतं, मासा अंडी घालतो म्हणून. गळवाल्यांना मत्स्य विभागाचा परवाना काढावा लागतो. मी काढायचो. फौजी आहे म्हणून कुणी अडवणार नाही हे खरं, पण म्हणूनच काढायचो.

सिंघाडा म्हणजे आपला शिंगटा. पाण्यातलं शिंगाड्याचं फळ नव्हे, हे आधी सांगतो, कारण आमच्या पलटणीतल्या एका कोकणातल्या गड्याने मी ‘सिंघाडा आणतो’ म्हटल्यावर उपासाची तयारी केली होती. अंगावर खवला नाही, लांबट चपटं डोकं, मिशांच्या चार जोड्या, त्यातली वरची जोडी पार पोटापर्यंत पोचणारी. शेपटीच्या अलीकडे पाठीवर जो मऊ मांसल पंख असतो त्याच्यावर एक काळा ठिपका. तो बघितला की ओळख पटली. कल्ल्यामागच्या पंखाला करवतीसारखा काटा असतो, तो हातात शिरला की दोन दिवस रायफल धरता येत नाही. मासा खायला मात्र सरळ. बारीक काटे जवळजवळ नाहीत, म्हणून पंजाबात त्याला मोठी मागणी. अमृतसरला बेसन लावून तळलेली मच्छी खाल्ली असेल तर बऱ्याचदा तुम्ही हाच खाल्लेला असतो.

उन्हाळ्यात सिंघाडा कुणीही धरतो. पाणी ऊबदार, मासा भुकेला, काठाजवळ येऊन काहीही गिळतो. थंडीत सगळं उलटं. पाणी गार झालं की माशाचं अंगही गार होतं, पचन मंदावतं, एकदा पोट भरलं की कितीतरी वेळ तो हलत नाही. काठ सोडून खोलात जातो आणि एखाद्या आडोशाला तळाशी टेकून राहतो. आमिष त्याच्या मिशांच्या टप्प्यात पडलं तरच उघडेल तोंड. दहा हातांवर पडलं तर तिकडे ढुंकून बघणार नाही. पाणीही निवळलेलं असतं, त्यामुळे भर उन्हात तो अंधार शोधतो. पण याच कारणाने थंडी मोठ्या माशाची. लहानसहान मासे सुस्तावतात, आमिष कुरतडणारे कमी होतात, आणि मोठे सिंघाडे तलावभर फिरायचं सोडून ठरावीक जागी गोळा होतात. जागा सापडली तर सापडली. नाहीतर चाळीसेक किलोमीटर लांबीच्या तलावात गळ टाकून बसणं म्हणजे सोलापूरच्या स्टेशनात उभं राहून पुण्यातल्या माणसाला हाक मारणं.

पहिले तीन रविवार मी तेच केलं. चौथ्या रविवारी ताया भेटले.

ताया म्हणजे मोठे काका. कांगड्यात वडीलधाऱ्या माणसाला असंच म्हणतात. साठीच्या आत-बाहेरचे, अंगाने काटकुळे, डोक्यावर लोकरी टोपी, तोंडात बिडी. सोसायटीचे मासेमार. संध्याकाळी जाळी सोडायची आणि पहाटे धुक्यात काढायची हा त्यांचा धंदा, दुपारी रिकामे. मी काठावर बसून काय करतोय ते त्यांनी तासभर बघितलं आणि मग म्हणाले, “फौजिया, मासा इथे नाही. इथे आमचा गव्हाचा टप्पा होता. साफ जमीन. इथे कशाला बसेल तो?”

मला काही कळलं नाही. ते म्हणाले, चल.

त्यांच्या लाकडी होडीतून आम्ही आत गेलो. वल्हवता वल्हवता ते पाण्याकडे बघतच नव्हते. बघत होते डोंगराकडे. डावीकडच्या टेकडीवर एक देऊळ, त्याच्या मागे धौलाधारची एक खाच. देऊळ आणि खाच एका रेषेत येईपर्यंत होडी नेली. मग उजवीकडे बघितलं. तिथल्या धारेवर एकटं चिलाचं झाड, त्याच्याखाली दरड कोसळून उघडा पडलेला पिवळा पट्टा. झाड पट्ट्याच्या मधोमध आलं, आणि होडी थांबली. “हा आमचा पिंपळ,” ते म्हणाले. चारही बाजूंना नुसतं पाणी.

धरण भरलं तेव्हा ताया सतरा वर्षांचे होते. पाण्याखाली गेलेल्या त्या सगळ्या सखल भागाला हल्दून म्हणत; कांगड्यातली सगळ्यात सुपीक जमीन, भाताची. डोंगरातून उतरणाऱ्या ओढ्यांना तिकडे खड्ड म्हणतात आणि खड्डातून शेतात पाणी आणणाऱ्या पाटांना कूहल. तायांच्या डोक्यात सगळ्या खड्डा आणि कूहली जशाच्या तशा होत्या. पिंपळाच्या पाराच्या खालच्या अंगाला शेताच्या दगडी ताली होत्या, एकाखाली एक, आणि शेवटच्या तालीखाली खड्डाचं पात्र. थंडीत पाणी उतरायला लागलं की सिंघाडा वरच्या तालींवरून एकेक पायरी खाली येतो. तेराशे साठला तो शेवटच्या तालीच्या पायथ्याशी असतो. त्याच्याही खाली गेलं की खड्डाच्या जुन्या पात्रात, आणि उन्हाळ्यात थेट बियासच्या मूळ धारेत. माशाला आडोसा हवा असतो, आणि या तलावात आडोसा म्हणजे कुणाच्या तरी आज्याने रचलेली भिंत.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला शिसं ऐकायला शिकवलं. गळाच्या दोरीला दोन बोटांत धरायचं, शिसं तळाला टेकवायचं, जरासं उचलायचं, पुन्हा सोडायचं. चिखलावर ते बसतं तेव्हा हाताला काहीच येत नाही, जणू कुणी उशीवर ठेवलं. दगडावर पडलं की बोटाला एक बारीक टिचकी बसते. टक्. “चिखल, चिखल, चिखल,” ते म्हणत राहिले आणि होडी हातभर सरकवत राहिले. मग माझ्या बोटाला टिचकी बसली. “आमची ताल,” ते म्हणाले.

आमिषाला चिलवा, म्हणजे बोटभर लांबीची चंदेरी मासळी. मेलेली चालते, पण ताजी पाहिजे. शिळी असली की थंडीतला सिंघाडा नुसता मिशी लावून सोडून देतो. शिसं दोरीवर सैल धावतं ठेवायचं, म्हणजे माशाने ओढलं तरी त्याला वजन लागत नाही. आणि घाई करायची नाही. थंडीत तो झटका देत नाही. दोरी आधी थोडी ढिली पडते, मग अगदी हळू, कुणी पदर सोडवून घ्यावा तशी सरकायला लागते. सरकू द्यायची. हात-दीड हात गेली की दांडी उचलायची. दुपारी दोन ते चार ही खरी वेळ. सकाळी धुकं असतं आणि पाणी रात्रभर गारठलेलं. ऊन तापून वरचं पाणी थोडं ऊबदार झालं की माशाच्या अंगात जीव येतो. चारनंतर वारा उठतो आणि मग त्या तलावावर थांबायचं नाही. नुसत्या लाटांनी होडी भरते तिथे. ताया लाइफ जॅकेट घालत नसत. मी दोन घेऊन गेलो आणि दुसरं त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी त्यावर बसायची सोय केली.

त्या हंगामात त्या तालीच्या पायथ्याशी आम्हाला सात सिंघाडे मिळाले. सगळ्यात मोठा साडेसहा किलोचा. पाचएक मिनिटं तो तळ सोडायला तयार नव्हता; दगडाच्या आड शिरून बसला होता आणि दोरी भिंतीवर घासत असल्याची कुरकुर माझ्या हाताला येत होती. ताया मासा बघतच नव्हते. ते म्हणत होते, “पूर्वेला घे, पूर्वेला. तिकडे भिंतीला खिंड आहे. बैल जायचे तिथून.” होडी पूर्वेला घेतली. मासा खिंडीतून सुटा झाला आणि वर आला. चाळीस वर्षं पाण्याखाली असलेल्या वाटेवरून, बैलांच्या. लंगरमध्ये त्या रात्री चौदा जण जेवले आणि कोकणातल्या गड्याने नारळाचं वाटण स्वतःच्या हाताने केलं, पाट्यावर.

एकदा मल्लीही लागली. मल्ली म्हणजे आपल्याकडचा शिवडा. मिशांच्या दोनच जोड्या, आणि तोंड असं फाकलेलं की मांजर आत जाईल. दात बारीक पण मागे वळलेले, बोट गेलं तर सोलूनच परत येतं. चार फुटांच्या आसपास होती. हा मासा देशभरातच कमी होत चाललाय. जागतिक यादीत तो आता धोक्यातल्या माशांमध्ये आहे. तायांनी तिला होडीत घेतलीच नाही. पाण्यातच पकडीने गळ काढला. मी काही बोललो नाही, पण तोंड दिसलं असणार माझं. ते म्हणाले, “जाळ्यात आली असती तर विकली असती. जाळ्यातली मेलेली असते. ही जिवंत आहे.” त्यांचा हिशोब एवढाच होता. मला तो पटला असं नाही, पण होडी त्यांची होती.

राजस्थानची गोष्ट त्यांनी मला जानेवारीच्या अखेरीस सांगितली. मी विचारली नव्हती. पौंगमुळे वीस हजारांहून जास्त कुटुंबं उठली. कालव्यांचं पाणी राजस्थानला जाणार, म्हणून त्यांना जमिनीही तिकडे, गंगानगरच्या बाजूच्या कालव्याच्या मुलखात द्यायचं ठरलं. तायांच्या वडिलांना एक मुरब्बा मिळाला. मुरब्बा म्हणजे पंचवीस बिघे. बाप-लेक गेले. भाताच्या चिखलात वाढलेली माणसं, समोर वाळू. भाषा वेगळी, पाणी कडू, वळवाचं वारं आलं की ताटात रेती. दोन हंगाम काढले आणि वडील आजारी पडले म्हणून परतले. पुन्हा गेले तेव्हा त्या जमिनीत दुसऱ्याच कुणाचं पीक उभं होतं. कागद, तारखा, चकरा. असं शेकड्यांनी लोकांचं झालं, अजून खटले चालू आहेत. तायांनी कागद पत्र्याच्या पेटीत ठेवले आणि जाळं हातात घेतलं. “मग मी माझ्याच शेतावर परत आलो,” ते म्हणाले. “फक्त आता होडीतून यावं लागतं.” हे सांगताना ते हसले. मला हसता आलं नाही.

त्यांचा मुलगा बद्दीला औषधांच्या कारखान्यात आहे. चांगला पगार आहे. त्याला पोहता येत नाही.

आता माझं. मी इंदापूर तालुक्यातला. आमचं जुनं गाव उजनीच्या पाण्यात आहे. १९८० साली धरण झालं, त्याच्या आधीच आमचे लोक वर माळावर येऊन बसले. माझा जन्म माळावरचा. जुनं गाव मी बघितलं नाही आणि घरात त्याचा विषय नव्हता. आप्पा, म्हणजे माझे वडील, तलावाच्या बाजूला फिरकायचे नाहीत. घरासमोरून पाणी दिसायचं, तर त्यांची खाट कायम दुसऱ्या तोंडाला. २०१३ च्या दुष्काळात उजनी आटली, पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडलं, आख्खा तालुका बघायला गेला. लोक पाण्यातून निघालेल्या आपल्या घरांचे जोते शोधत फिरत होते. आप्पा गेले नाहीत. मी रजेवर होतो, मी विचारलं. ‘काय बघायचंय दगडं?’ म्हणाले, आणि गुरांना पाणी पाजायला उठले.

तायांनी राजस्थानची गोष्ट सांगितली त्या रात्री मी घरी फोन केला. काय विचारावं ते सुचेना. जुन्या गावाबद्दल सरळ विचारलं असतं तर ‘बरं, तब्येत कशी आहे?’ म्हणून त्यांनी फोन आईकडे दिला असता. मी विचारलं, “आप्पा, धरणाआधी भीमेत शिंगटा थंडीचा कुठं बसायचा?”

फोन बंद पडला की काय असं वाटण्याइतका वेळ गेला. मग म्हणाले, “मळईच्या खालच्या डोहात.” आणि पुढे वीस मिनिटं बोलत राहिले. डोहाच्या वरच्या अंगाला काळ्या खडकाची पाठ होती, तिच्याखाली कपार. पौषात पाणी निवळलं की आजोबा बुडी मारून कपारीत हात घालायचे, काटा लागू नये म्हणून हाताला गोणपाट गुंडाळून. आप्पा काठावर आजोबांचं धोतर धरून बसायचे. एकदा कपारीतून शिंगट्याऐवजी वांब निघाली आणि साप समजून आप्पा धोतरासकट घरी पळाले. आजोबांना अंधार पडेपर्यंत पाण्यात थांबावं लागलं. ही गोष्ट आईनेही कधी ऐकली नव्हती. ती मागे हसत असलेली मला ऐकू येत होती. “पण तू कशाला विचारतोस?” शेवटी त्यांनी विचारलं. मी म्हटलं, इथे एक बाबा आहेत, त्यांनी विचारलंय. अगदी खोटंही नव्हतं. तायांनी मला एकदा विचारलं होतंच, की तुमच्याकडे धरणात मासा कुठे बसतो.

फेब्रुवारीत रजा मिळाली. मी शिसं आणि दोरी बॅगेत टाकूनच निघालो. आप्पांना काय सांगितलं ते इथे लिहीत बसत नाही, पण तिसऱ्या दिवशी सकाळी ते चपला घालून स्वतःच दारात उभे होते. ओळखीच्या एका भोयाची होडी घेतली. काठाने गाळपेरीचा हरभरा उभा होता, त्यातून वाट काढत पाण्यापर्यंत गेलो. पाण्यात पाय घालून होडीत चढताना आप्पांनी माझा खांदा धरला, आणि बसल्यावरही बराच वेळ सोडला नाही.

तायांसारखी खूण त्यांना लागेना. लागणार कशी? पौंगला डोंगर आहेत, डोंगर हलत नाहीत. आपल्याकडे सपाटी. तेव्हाची झाडं तोडली, तेव्हा नव्हत्या त्या विजेच्या तारा आल्या, सगळीकडे उसाची एकच हिरवी रेघ. आप्पा एकदा इकडे बघायचे, एकदा तिकडे. भोई तरुण पोरगा, तो म्हणाला, “काका, हितं समदा गाळ हाय. शिंगटा आता कुठला? चिलापीच.” ते खरंच आहे. उजनीत आता जाळ्याला लागते ती मुख्यतः चिलापी. आप्पांनी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. पलीकडच्या तीरावर एक बुटकी टेकडी आहे, तिच्याकडे बघत म्हणाले, “हिच्या पोटातून आपली गाडीवाट उतरायची. नाक आलं की डोह.” भोयाने होडी टेकडीच्या नाकासमोर घेतली.

मी शिसं सोडलं. चिखल. थोडं पुढे. चिखल. आप्पा म्हणाले, दे इकडे. दोरी कशी धरायची ते मी त्यांना सांगितलं नाही, त्यांनी ती बरोबर दोन बोटांत धरली. चिखल. चिखल. दीड तास झाला. ऊन चढलं, भोई पोरगा मोबाइल बघायला लागला. मग आप्पांचा हात थांबला. त्यांनी शिसं उचललं, पुन्हा सोडलं. पुन्हा उचललं. माझ्याकडे दोरी दिली आणि मी सोडून बघितलं. टक्.

मी तिथे गळ लावला. ताजी मासळी होती आमिषाला. दोन तासांत तीन चिलाप्या मिळाल्या, त्यातली एक तळहाताएवढी. वारा उठायला लागला तसा भोई म्हणाला, निघू या काका, परत मला जाळी लावायची आहेत. आप्पांनी टेकडीकडे एकदा बघितलं आणि त्याला म्हणाले, “अजून थोडं वर घे. कपार वरच्या अंगाला होती.”